पंपाच्या छपराखालचं औक्षण

न्यूझीलंडमधल्या टौरंगाच्या बाहेर, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर विभावरीने औषधाच्या दुकानासाठी जागा घेतली, ती जुन्या पेट्रोल पंपाची. दोन हजार सहा सालची गोष्ट. स्वस्तात मिळाली म्हणून बाई खूश. अहो, स्वस्त का मिळाली हे विचारायला नको? पंप बंद पडल्यावर तिथे टायरवाला आला, मग व्हिडिओवाला, मग फिश अँड चिप्सवाला. एकाचाही हिवाळा निघाला नाही.

"तिथे काडी ओढू नका," शेजारच्या डेअरीत दूध घेताना दुकानदार म्हातारीने बजावलं होतं. "पंपवाला आतच जळून मेला. आता तो दुसऱ्यांना…"

विभावरी फार्मसिस्ट. भुताखेतांना भीक घालणाऱ्यातली नव्हेच. जमिनीतल्या टाक्या उपसून काढल्या होत्या, माती बदलली होती, कौन्सिलचा माणूस तपासून गेला होता. आणखी काय हवं?

शनिवारी दुपारी दुकानाची पूजा. श्रियाचा वाढदिवसही त्याच दिवशी, म्हणून लेकीचं औक्षण तिथेच करायचं ठरलं. नवरा चंद्रशेखर केक आणायला गेला. श्रिया बाहेर छपराखाली पायातल्या रबरी जँडल्स फटफटवत खेळत होती.

विभावरीने समई लावली आणि घंटी वाजली. पूर्वी गाडी आली, की चाकाखाली रबरी नळी दबून आत तशीच वाजायची. पण नळी आणि घंटी कधीच भंगारात गेल्या होत्या. तिने बाहेर डोकावलं. गाडी नव्हती. श्रिया मात्र ताठ उभी होती, हात अंगाशी, हनुवटी वर.

"श्रिया, ये गं, ओवाळते."

पोर मुकाट्याने पाटावर बसली. विभावरीने कुंकू लावलं. ते ओघळून नाकावर आलं. निरांजन लावून ताम्हन उचललं, तेव्हा पेट्रोलचा वास आला. श्रियाचे केस निथळत होते.

"कुठे भिजलीस…?"

"द मॅन फिल्ड मी अप, मम्मी. ही सेड, स्टँड स्टिल."

वारा नसताना ज्योत पोरीकडे झुकली. औक्षणाचा दिवा तोंडाने विझवायचा नसतो. ते इतकं अंगात मुरलेलं, की विभावरीची फुंकर घशातच अडली. ज्योत आणखी लांबली. मग तिने फुंकर मारली, समईची वात बोटांनीच चिरडली आणि लेकीला कवटाळून धावत सुटली. मागे घंटी वाजतच होती.

घरी पुन्हा पुन्हा न्हाऊ घातलं तरी वास जाईना. "खड्ड्यात गेलं ते दुकान," पंपावर जाऊन दुकानाला कुलूप लावून आलेला चंद्रशेखर म्हणाला. धावपळीत विभावरीने पूजेची साडीही बदलली नव्हती. दिवेलागणीला ती देवापुढे बसली, काडेपेटी घेतली.

"मम्मी, डोन्ट." श्रिया दारात उभी होती.

"अगं, तुझे केस धुतले ना सगळे…"

"नॉट मी. ही डिड यू टू. व्हेन यू वर रनिंग."

विभावरीने खाली पाहिलं. पदरातून थेंब फरशीवर पडत होते. काडेपेटी तिच्या हातून गळाली.

"चहा टाकतो गं," स्वयंपाकघरातून चंद्रशेखर म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला तिला इथूनही दिसत होता. त्याने गॅसचा लायटर उचलला.