चाळीवरची खूण

त्या रविवारी केंदूरच्या माळावर सकाळपासूनच ऊन चांगलं तापलं होतं, आणि ग्लायडर उडवणाऱ्यांना असंच ऊन हवं असतं. जमीन तापली की हवा वर चढते. इंजिन नसलेलं ते विमान त्या चढत्या हवेत घिरट्या घालत तिच्याबरोबर वर जातं. माळावर सगळे तिला नुसतं ‘चढ’ म्हणत.

सायलीला आज एकटीनं उडायचं होतं. वर जायचं, तासभर टिकायचं आणि परत यायचं, एवढंच काम. तिच्या मागून ज्ञानेश दुसऱ्या ग्लायडरमधून उडणार होता.

उडायला शिकवणारे सत्यजीतदादा बाकड्यावर बसून दोघांचे फोन तपासत होते.

“चढ दाखवणारं ॲप कुठलंबी घ्या,” ते म्हणाले, “पण फोनात हवेचा दाब मोजणारा सेन्सर पायजे. न्हाईतर चढ कळायला उशीर होतो.”

“माझ्यात न्हाई व्हय तो?” ज्ञानेशनं विचारलं.

“तुझा फोन? काल चढला होतास ते आज सांगतोय.”

सायली हसली, पण मान खाली घालून, आवाज न करता.

तिच्या फोनात सेन्सर होता. हवा वर नेऊ लागली की ॲप बारीक आवाजात टी-टी करायचं. चढ जोराचा असला तर टी-टी घाईची व्हायची, आणि विमान खाली बसू लागलं की फोनातून लांब, जड हुंकार निघायचा. पडद्यावर आसपास उडणाऱ्यांच्या खुणाही दिसायच्या, नावासकट. हे ॲप तिनं आणि तिच्या मैत्रिणीनं, मोनिकानं, मिळून निवडलं होतं. आधी तीन-चार वापरून पाहिली. एकाची अक्षरं उन्हात दिसत नव्हती, एक बॅटरी खायचं. शेवटी हे ठरलं, कारण यात दोघी एकमेकींना दिसत होत्या.

मोनिका मागच्या चैत्रात गेली. माळाच्या उत्तरेला कांदा साठवायची एक चाळ आहे, तिच्यापाशी तिचं ग्लायडर पडलं. चढाच्या मागं लागून फार खाली गेली, असं सगळे म्हणाले.

माळावर एक नियम होता, आणि तो कुणी मोडत नसे. जिथं चढ नाही तिथं घिरट्या घालायच्या नाहीत, कारण तुम्हाला फिरताना पाहून दुसरा विश्वासानं तिकडं येतो. मोनिकानं तर सायलीच्या हातावर हात मारून म्हटलं होतं, “मला चढ घावला तर मी तुला बोलवीन. तुला घावला तर तू मला.”

माळाच्या टोकाला दोर गुंडाळणारं यंत्र होतं, त्या विंचनं दोर ओढला. ग्लायडर ताठ वर गेलं, दोर सुटला आणि सगळं शांत झालं. काचेच्या झाकणावरून सरकणाऱ्या हवेचा सूं... असा आवाज तेवढा राहिला. थोडा वेळ चांगला गेला. मग फोन हुंकारू लागला आणि थांबेचना. आभाळ पांढरं फटक पडलं होतं. चढात घिरट्या घालणारी एखादी घारही कुठं दिसत नव्हती.

“सायली,” रेडिओवर दादांचा आवाज आला, “आत्ता वळ. आत्ता वळलीस तर माळावर येशील.”

ती वळतच होती, तेवढ्यात हुंकार थांबला.

टी... टी...

पडद्यावर, चाळीच्या जागी एक खूण उमटली. लहान लहान घिरट्या घालत ती वर चढत होती. शेजारी नाव होतं.

मोनिका.

सायलीनं ते दोनदा वाचलं. मोनिकाचा फोन तिच्या आईच्या कपाटात होता. कुणी चालू केला असेल? पण कपाटातला फोन आभाळात कसा चढेल?

तिला भीती वाटायला हवी होती. पण आधी वाटला तो आनंदच.

रेडिओ खरखरला आणि मोनिकाचा आवाज आला. “सायले... घावलाय. ये...”

तिनं माळाकडं पाठ फिरवली.

चाळीवर पोचताच फोन गाऊ लागला. टी-टी-टी-टी. उंचीचे आकडे भराभर वाढत होते. मोनिकाची खूण तिच्या पंखाला पंख लावून फिरत होती, आणि बाहेर मात्र कुणीच नव्हतं. मग बंद झाकणाच्या आत एक वास भरला. उन्हात सडलेल्या कांद्याचा. एवढ्या उंचीवर?

समोर विमानाची स्वतःची, काट्यांची जुनी मोजयंत्रं होती. उंचीचा काटा खाली येत होता, आणि चढ दाखवणारी सुई तळाला जाऊन बसली होती. सायलीनं बोटानं काचेवर टकटक केलं, कारण ती सुई कधीकधी अडकायची. सुई तिथंच राहिली.

मग तिनं खाली पाहिलं. चाळीचा पत्रा मोठा झाला होता. पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले दगड एकेक वेगळे दिसत होते.

“मोने...” ती पुटपुटली, “इथं चढ न्हाई...”

फोन गातच राहिला. मग रेडिओवर अगदी हळू, कानाशी बोलावं तसा आवाज आला.

“ठावं हाय मला.”

सायलीनं पंख सरळ केले आणि समोरच्या काढणी झालेल्या वावरात विमान टेकवलं. ते ढेकळांवर आपटत, घासत जाऊन बांधाशी थांबलं. झाकण उघडून ती बाहेर पडली. कुठं खरचटलंही नव्हतं. तरी ती रडू लागली, आणि ते रडू मरता मरता वाचल्याचं नव्हतं. सगळ्या जगात ती एकाच मुलीशी न लाजता बोलायची. त्याच मुलीनं तिला हाक मारून इथं आणलं होतं.

दादा मोटरसायकल दामटत आले. “लागलं का? मी ओरडतोय वळ, वळ, आन् तू उलटी काय गेलीस? रेडिओ बंद केला व्हतास व्हय?”

“दादा, तुम्ही न्हाई ऐकलं? मोनिका...”

त्यांनी ऐकलं नव्हतं. पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तेच ॲप चालू असलेला आपला फोन तिच्यापुढं धरला. चाळीवर दोन खुणा एकमेकींभोवती फिरत होत्या. एक मोनिका. दुसरी सायली. दोघींची उंची वाढत होती.

सायलीनं विमानाकडं वळून पाहिलं. तिचा फोन आत पायांपाशी पडला होता, पडदा फुटून काळा झालेला.

तिनं वर पाहिलं. चाळीवरचं आभाळ रिकामं होतं. दक्षिणेकडून मात्र एक पांढरं ग्लायडर सावकाश इकडं वळत होतं. ज्ञानेश.

तिनं दादांच्या हातातला रेडिओ हिसकावून घेतला. “ज्ञानेश, माघारी वळ! इथं चढ न्हाई! मी खाली हाय, वावरात!”

थोडा वेळ नुसती खरखर. मग ज्ञानेशचं हसू ऐकू आलं.

“थट्टा करती व्हय, सायले? आत्ताच तर म्हणालीस, घावलाय... ये...”