भाजलेला गाळ

यानाच्या प्रयोगशाळेत शर्वाणी नाफडे स्तरवाचकाच्या पडद्याकडे पाहत होती. खालच्या ग्रहावरच्या खाडीतून उपसलेला गाळाचा नमुना समोर दिसत होता: वाळूचा थर, त्यावर चिखलाची पातळ साय, पुन्हा वाळू, पुन्हा साय. पाणी जोरात आलं की वाळू टाकतं, थबकलं की चिखल बसतो. उधाणाचे थर जाड, भांगाच्या छोट्या भरतीचे बारीक. हजारो वर्षांच्या भरत्या त्या खाडीने एकही न विसरता जपल्या होत्या.

"कुणी उकरलेलं नाही, एक कीडसुद्धा नाही," जीवशास्त्रज्ञ फरीदा मुकादम म्हणाली. "इतकी नीटनेटकी तर माझी आईही नव्हती."

त्याच काठावरच्या गाळपठारावर वस्ती व्हायची होती. हवा श्वासाजोगी होती, पण बाकी सगळीकडे धारदार खडक. घाई होती ती मुलांची. यानात वजन जवळपास नाहीच, त्यामुळे इथे जन्मलेल्यांची हाडं ठिसूळ होत चालली होती. शर्वाणीच्या छोट्या लेकीचा, ऊर्वीचा, हात तर उशी ओढताना मोडला होता. जंतूंची धास्ती शर्वाणीलाच सगळ्यांत जास्त. भट्टीत भाजल्याशिवाय खालचं काही यानात आणायचं नाही आणि मुलं उतरण्याआधी सगळं पठार भाजून काढायचं, हा नियम तिनेच हट्टाने करून घेतला होता. फरीदा तिला भट्टीवाली म्हणायची.

भट्टीतून आलेला तो नमुना धुवायला शर्वाणीने पाण्याच्या बारीक धारेसमोर धरला आणि बघता बघता तो विरघळला. हातात नुसतं गढूळ पाणी उरलं.

"एवढ्याशा धारेत गेला हा. मग खाली ओहोटीच्या लोंढ्यात टिकला कसा?"

फरीदाने पडद्यावरचे थर पुन्हा पाहिले. मग तिने सांगितलं, पृथ्वीवरच्या खाड्यांतही चिखल नुसता बसत नाही. सूक्ष्मजीव त्यावर बुळबुळीत पापुद्रा तयार करतात, कण एकमेकांना चिकटवतात. "इथेही कुणीतरी चिकटवतंय. आणि आपण त्यांना भाजतो आणि मग जीव शोधत बसतो."

खालच्या यंत्रहाताकडून त्यांनी न भाजलेल्या काठावर पाण्याचा झोत मारून पाहिला. काठ जसाच्या तसा. दोघी कितीतरी वेळ त्या काळपट, चकचकीत चिखलाकडे कौतुकाने पाहत राहिल्या.

यानप्रमुख टिळवेंना शर्वाणीने थोडक्यात सांगितलं. पठार भाजलं, तर पहिल्याच उधाणाला घरांखालची जमीन वाहून जाईल. न भाजता उतरलं, तर त्या जिवांसोबतच राहावं लागेल, आणि ते माणसाला बाधतात का, हे कुणालाच ठाऊक नाही.

"मग मुलांना उतरवायचं कसं?" टिळवेंनी विचारलं.

"भट्टी बंद ठेवा, सर. आधी मी उतरते. मला काही झालं, तर मला वर घेऊ नका. नाही झालं, तर ऊर्वीला पाठवा."

ती उतरली तेव्हा भरती लागली होती. पाणी घोट्यांपर्यंत चढलं, थबकलं, ओसरलं. पायांखालचं काही हललं नाही. फक्त चिखलाची एक नवी साय तेवढी राहिली. शर्वाणी वाकली आणि तिने हातमोजा काढला.