दादाच्या अॅम्पचा जुळा

रविवारी दुपारी ताई दुकानात आल्या त्या फक्त एक पडदा बांधायला. घरून आणलेली जुनी चादर, दोन खिळे आणि थोडी सुतळी, एवढंच सामान होतं. दुकान म्हणजे जिना चढून गेल्यावरची एक लांबट खोली. भिंतीला टेकून दुरुस्तीला आलेले अॅम्प्लिफायर एकावर एक रचलेले, खिडकीशी कामाचं टेबल, आणि सगळीकडे तारा जोडायच्या डागकामाच्या राळेचा वास. ज्या अॅम्पपुढे इतरांनी हात टेकले तो ताईंच्या टेबलावर आला की बोलायला लागायचा, म्हणून गिटारवाले लांबून लांबून येत. "काम डाग द्यायचं, पण नाव बेदाग," असं ताई स्वतःच सांगायच्या. आपली पाठ थोपटायला दुसऱ्याच्या हाताची वाट बघत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

पडदा बांधायचं कारण असं, की आज त्यांच्या कामाची परीक्षा होती.

ताईंचा थोरला भाऊ, म्हणजे सगळ्यांचा दादा, जन्मभर गिटार वाजवत आला आणि तीस वर्षं एकाच अॅम्पवर वाजवत आला. तो जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा, दोघांनी उचलावा असा जड. दादाला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता त्याची मुलगी त्याच्या जागी उभी राहून त्याच्याच तीन जुन्या साथीदारांबरोबर दौऱ्यावर निघाली होती. पण दादाचा अॅम्प प्रवासाला नेण्यासारखा उरला नव्हता. आतल्या वायरींचं आवरण हात लावला की भुगा होऊन गळायचं. दोन महिने गाडीत हिंदकळला असता तर वाटेतच जळून गेला असता. त्या तिघांतल्या कीबोर्डवाल्यानं सुचवून पाहिलं, की हल्ली तळहाताएवढं यंत्र मिळतं, त्यात शंभर अॅम्पचे आवाज भरलेले असतात. ताईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो चहाच्या निमित्तानं खाली निघून गेला.

मग त्यांनी चार महिने खपून दादाच्या अॅम्पचा जुळा बनवला. ट्रान्सफॉर्मरची तार हातानं गुंडाळली, वेढे मोजून. लाकूडसुद्धा तसंच जुनं शोधून आणलं. मूळ अॅम्पलाही नवे व्हॉल्व्ह बसवले, उगाच कुणी कुरकुरायला नको. तरी बेसवाला म्हणाला, की दादाचा आवाज दादाबरोबर गेला, तो काही खिळ्यामोळ्यांनी बनत नाही.

"पाठ करून बसा आणि ओळखून दाखवा," ताई म्हणाल्या. "एकानं जरी ओळखलं, तरी मूळ अॅम्प मी स्वतः गाडीत चढवीन, आणि दुसऱ्या दिवसापासून या दुकानाला कुलूप."

म्हणजे हरल्या असत्या तर दुकानही जाणार होतं आणि दादाचा अॅम्पही.

तीनच्या सुमाराला मंडळी आली. बेसवाला, ड्रमवाला आणि कीबोर्डवाला चादरीकडे पाठ करून तीन खुर्च्यांवर बसले. प्रत्येकाच्या हातात एक कागद, एक पेन. ताईंनी खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला. खोलीत उकडायला लागलं आणि अंधारूनही आलं. चादरीच्या मागे दोन्ही अॅम्प शेजारी शेजारी, समोर स्टुलावर भाची, मांडीवर बापाची गिटार. आधी कोणता, यासाठी ताईंनी नाणं उडवलं. मूळ आला.

भाचीनं दादाची एक संथ चीज वाजवली, दोन मिनिटांची. मग ताईंनी वायर बदलली, आणि तीच चीज जुळ्यावर वाजली. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. कुठे म्हणून कुठे तिळाएवढा फरक नव्हता. त्यांचा ऊर भरून आला. त्यांनी दोन्ही अॅम्प बंद केले आणि सवयीप्रमाणे दोन्हींच्या पिना भिंतीतून उपसून काढल्या. भाचीनं गिटार खाली ठेवली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली.

खोली गप्प झाली. गरम व्हॉल्व्हवर धूळ करपल्याचा वास तेवढा दरवळत होता.

आता माणसं वळतील म्हणून ताई थांबल्या. कुणी वळलं नाही. त्यांनी चादर बोटभर बाजूला करून पाहिलं. तिन्ही माना खाली होत्या. विचार करत असतील, ताईंना वाटलं. मग त्यांचं लक्ष पायांकडे गेलं.

ड्रमवाल्याचा पाय हलत होता. ठेका धरल्यासारखा. बेसवाल्याचाही, कीबोर्डवाल्याचाही. तिघांचे पाय एकदम उचलत होते, एकदम टेकत होते. भाचीनं वाजवली होती त्याहून ही लय थोडी संथ होती. दादा ती चीज तेवढीच संथ घ्यायचा.

"आत्या…" भाची कानाशी येऊन कुजबुजली. "हे काय ऐकतायत?"

ताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. स्वतः कान टवकारले. जिच्या कानातून व्हॉल्व्हची बारीक शीळसुद्धा सुटत नसे, त्या बाईला त्या खोलीत काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

दोन मिनिटांनी तिन्ही पाय एकाच क्षणी थांबले. ड्रमवाल्यानं डोळे पुसले. पेनं कागदावर चालली, आणि मग ते वळले.

तिघांनी वेगवेगळं लिहिलं होतं, पण अर्थ एकच होता. पहिला आणि दुसरा यांत फरक सांगता येत नाही. आणि त्याखाली, तिन्ही कागदांवर: तिसरा, दादा.

"जिंकलात ताई," बेसवाला म्हणाला. "पण तिसऱ्याला दादाची टेप लावलीत, हे बरं नाही केलंत. आधी सांगायचं तरी."

भाचीनं तोंड उघडलं. ताईंनी नुसत्या नजरेनं तिला गप्प केलं.

"टेप कशावरून?" त्यांनी विचारलं.

"शेवटी बोलला की तो."

"काय बोलला?"

बेसवाल्यानं बाकीच्या दोघांकडे पाहिलं. दोघांनी माना हलवल्या.

"म्हणाला… दुसरा पोरीला द्या. पहिला मला लागतो."

ताईंच्या अंगावर सरसरून काटा आला. नाणं तर त्यांनी चादरीमागे उडवलं होतं. दुसरा कोणता, हे त्या आणि भाची सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या काट्याच्या आधी त्यांना वाटला तो अभिमान. जन्मभर दादानं त्यांच्या कामाला "ठीक आहे" याच्या पुढचा शब्द कधी दिला नव्हता. आज त्यानं आपली लेक बहिणीच्या हातच्या अॅम्पवर सोपवली होती. टेपबद्दल ताई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. जुळा गाडीत चढला, दौरा सुरू झाला. गावोगावचे वाजवणारे अॅम्पवर हात फिरवून विचारतात हा कुणी बनवला, असं भाची फोनवर सांगायची, आणि ताई तिला ते पुन्हा एकदा सांगायला लावायच्या.

मूळ अॅम्प दुकानाच्या कोपऱ्यात कापडाखाली राहिला. त्याची विजेची वायरही ताईंनी काढून कपाटात ठेवली. महिन्याभरानं एका संध्याकाळी त्यांनी सहज मागची फळी उघडली आणि एक व्हॉल्व्ह काढायला गेल्या, तर बोटांना चटका बसला.

त्यांनी बोटं तोंडात धरली. मग फडक्यानं धरून चारही व्हॉल्व्ह काढले आणि मीटरला लावले. परीक्षेच्या आठवड्यात नवेकोरे बसवलेले व्हॉल्व्ह संपत आले होते, दोन वर्षं रोज वाजवल्यासारखे. मीटर खोटं बोलत नाही आणि ताईंचं मीटर तर नाहीच. भीती वाटली का? वाटली. पण ज्या अॅम्पला आपला हात लागला तो कुणीही वाजवत असो, त्याचा आवाज बसका येणं त्यांना खपलं नसतं. त्यांनी कपाटातून नवा संच काढला आणि बसवला.

दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या टेलरबाई जिन्यात भेटल्या.

"काल संध्याकाळी गिटार मध्येच का हो थांबली? रोज शिवताना ऐकते ना मी, सवय झालीये."

"व्हॉल्व्ह बदलत होते," ताई म्हणाल्या. विचारल्यावाचून त्यांना राहवलं नाही. "आता कसा येतोय आवाज?"

"एकदम मोकळा. आणि कालपासून गिटारीबरोबर तुम्ही गाताय, ते तर फारच छान. आवाज लगेच ओळखला मी, पण तुम्ही गाता हे माहीतच नव्हतं."

ताईंनी जन्मात कधी गाण्याचा एक सूर काढला नव्हता. त्यांनी कठडा घट्ट धरला. वर दुकानाचं दार लोटलेलं होतं आणि आतून त्यांना तरी काहीच ऐकू येत नव्हतं.

"सुरात असते ना?" त्यांनी विचारलं.