शेवटच्या ओळीतलं घर

तो घर बघायला आलाच नव्हता. भर एप्रिलात बडोद्याच्या वाघोडिया रोडवर त्याची स्कूटर पंक्चर झाली आणि सावली दिसली म्हणून तो आमच्या साईट ऑफिसात शिरला. पंच्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा बावीस वर्षांची, एका बिल्डरकडे टेनामेंट, म्हणजे ओळीतली बैठी घरं, दाखवायच्या कामाला होते आणि पंख्याखाली बसून जांभया देत होते.

पंक्चरवाला कुठे मिळेल, असं त्यानं गुजरातीत विचारलं. उच्चारावरून ओळखून मी सरळ मराठीत उत्तर दिलं.

"चारला उघडतो. तोवर सॅम्पल हाऊस बघता?"

"आधी पाणी मिळेल का ते बघतो."

"पाणीही सॅम्पल हाऊसमध्येच आहे."

तो इतका मोकळा हसला की माझी जांभई कुठल्या कुठे पळाली.

त्याचं नाव निहार. रिफायनरीत नोकरी, निजामपुऱ्यात आईबरोबर भाड्याच्या दोन खोल्या. वर्षभर घर शोधत होता. अकोट्यातले भाव ऐकून तर नुसता चहा पिऊन परत आला होता. कर्ज धरून जेमतेम साडेतीन लाख जमत होते.

मग तो दर रविवारी येऊ लागला, मोजायची टेप घेऊन. एक टोक माझ्या हातात द्यायचा.

"इथं झोपाळा बसेल?"

"बसेल. पण स्वयंपाकघरातून दिसणार नाही."

"झोपाळ्यावरचा माणूस दिसायलाच हवा का?"

"नाहीतर चहा कोणाला नेऊन द्यायचा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला... टेप सटकन गुंडाळली गेली आणि दोघंही उगाचच कपाटाची जागा बघायला लागलो. रविवार कधी उजाडतो असं मला व्हायला लागलं होतं.

पुढच्या ओळीतली घरं पावणेपाच लाखांची. त्याच्या पैशांत बसत होती फक्त शेवटची ओळ, नाल्याला लागून असलेली. आदल्या पावसाळ्यात तिथं ओट्यापर्यंत पाणी चढलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पण शेठनी बजावून ठेवलं होतं, "योगिनीबेन, छेल्ली लाइन पहेलां काढजो." म्हणजे शेवटच्या ओळीतली तीच घरं आधी विकायची होती.

पाचव्या रविवारी त्यानं विचारलं, "तुम्हाला घ्यायचं असतं, तर... तुम्ही हे घेतलं असतं?"

हा प्रश्न सगळीच गिऱ्हाइकं विचारायची आणि माझं उत्तर पाठ होतं. "मी हेच घेतलं असतं."

"खरंच?"

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. पण नोकरीपेक्षाही मोठा लोभ मला सुटला होता. त्यानं इथं घर घेतलं, तर तो रोज दिसणार होता.

"खरंच," मी म्हणाले.

जूनमध्ये तो राहायला आला. येता-जाता ऑफिसात डोकवायचा, आईनं केलेल्या वड्या द्यायचा. "आईला भेटायला ये ना" असं म्हणता म्हणता जीभ चावून "या ना" म्हणायचा. मी रोज ठरवायची, आज सांगून टाकू. आणि रोज वाटायचं, यंदा नाहीच आलं पाणी तर?

ऑगस्टमध्ये आलं. एका रात्रीत घरभर गुडघाभर.

दुसऱ्या दिवशी तो पँट दुमडून, चिखलानं भरलेल्या पायांनी माझ्यासमोर उभा राहिला. आवाज चढवला नाही. "समोरचा दुकानदार म्हणतो, गेल्या वर्षीही आलं होतं. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मी आईला सांगितलं होतं..." त्यानं पायांवरच्या चिखलाकडे पाहिलं. "म्हटलं, घर योगिनीनंच निवडलंय. राहायचं तिलाच आहे ना."

मी उठले. लाज, नोकरी, आजूबाजूची माणसं, काही आठवलं नाही. "मी येते, निहार. त्याच घरात. दर वर्षी पाणी आलं तरी येईन. माझं प्रेम आहे तुमच्यावर."

किती दिवस त्याला हे ऐकायचं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तो मागे सरला.

"आता कळत नाही गं," तो हळूच म्हणाला, "यातलं खरं काय मानायचं."

तो पुन्हा ऑफिसात आला नाही. मी दोनदा त्याच्या दारापर्यंत गेले आणि कडी न वाजवताच परतले. दिवाळीआधी नोकरी सोडली. राहिलेला पगार घ्यायला गेले, तेव्हा शेठ फार खुशीत होते.

"ए निहारभाई तो साव भोळा, अगदीच भोळा! घर विकलं, पण घेणाऱ्याला पाण्याचं आधीच सांगून बसला. साठ हजार ओछा मळ्या, साठ हजार कमी मिळाले, बोलो!"

शेठ पोट धरून हसत होते. सवयीनं मीही हसायला गेले... आणि त्यांच्यासमोरच मला रडू फुटलं.