दिवाळीनंतरचं उटणं

"सरबत करणार, की तोंडाला लावणार?"

बेलापूरच्या भाजीबाजारात लिंबं निवडणाऱ्या अबोलीचा हात तिथेच थांबला. शेजारी एक उंच, सावळा तरुण काकड्या घेत उभा होता. ओळख ना पाळख, आणि हा असला प्रश्न!

"तुम्हाला काय करायचंय?" तिने ओढणी गालावर ओढली.

"मला काय नाय. पण गाल सोललेत तुमचे. त्यावर अजून लिंबू चोळलंत तर झोप लागायची नाय."

झोप आधीच उडाली होती. साध्या पाण्यानेसुद्धा गाल चरचरत होते. पण म्हणून ते परक्या माणसाने, तेही भर बाजारात सांगावं? अबोलीने फणकाऱ्याने लिंबं परत टोपलीत टाकली, निघाली... आणि थोडं पुढे जाऊन थांबली. पुढच्या रविवारचा विचार मनात आला, तसा तिचा राग जागच्या जागी विरला.

पुढच्या रविवारी ठाण्याची मंडळी तिला बघायला येणार होती. याआधी दोनदा पोहे झाले होते आणि दोन्ही वेळा निरोप एकच आला होता – मुलगी चांगली आहे, पण रंग जरा... त्या 'जरा'च्या पुढचं कोणी बोलत नसे. आई मात्र नंतर कितीतरी दिवस गप्प असायची. आईची ती शांतताच अबोलीला सोसवत नसे. म्हणून तिने दिवाळीत उरलेलं उटणं बाहेर काढलं. वर्षातून एकदा, अंगाला तेल लावून, हलक्या हाताने लावायची ती वस्तू. आमच्या नायिकेने ती लिंबाच्या रसात कालवली आणि सकाळ-संध्याकाळ तोंडाला घासली, पितळेची भांडी घासावीत तशी. व्हायचं तेच झालं.

"मग... काय करू?" तिने मागे वळून हळूच विचारलं.

"काहीच करू नका," तो हसून म्हणाला. "तेच तर जमत नाय कुणाला!"

त्याचं नाव कुलदीप. मूळ साताऱ्याकडचा, वडील वाशीच्या मार्केटात माथाडी. स्वतः बी.एस्सी. होऊन पावणे एमआयडीसीतल्या क्रीमच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत कामाला. बेलापुरात बहिणीकडे आला होता. त्याचा उपाय साधा: गार पाण्याने तोंड धुवायचं, वर थोडं व्हॅसलीन, उन्हात जाताना ओढणी. लिंबू नाही, साबण नाही, उटण्याचा डबा तर माळ्यावर. एवढं सांगून झाल्यावर त्याने एक काकडी तिच्या पिशवीत टाकली.

"ही पण तोंडाला?"

"छ्या! ही खायला."

अबोली हसली. गाल ताणले गेले, आग झाली, तरी हसली.

ती एका वकिलांकडे टायपिस्ट होती, हे बोलता बोलता तिने त्याला सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून खाली उतरली, तर कुलदीप समोरच्या झाडाखाली उभा.

"बहिणीकडे?" तिने विचारलं.

"हां... म्हणजे, जाईन तिच्याकडं पण. आधी बघू, आग थांबली का?"

मग हे रोजचंच झालं. तो तिचे गाल अगदी मन लावून, कारखान्यातला नमुना तपासावा तसे तपासायचा. पण बोट लावायचा ते स्वतःच्याच गालावर.

"बरं झाल्यावर वाटलंच तर आठवड्यातून एकदा," तो म्हणायचा. "बारीक चाळलेलं बेसन, दह्यात. ओल्या बोटांनी, असं... गोल गोल. जोर नाय लावायचा. कातडी मळलेली नसते हो, ती आपली आपण नवी होते. आपण फक्त मदत करायची. आणि झोंबलं की तिथंच थांबायचं."

"आणि उजळायला काय लावायचं? रविवारी मला बघायला येणार आहेत."

"त्याचं... आमच्याकडं काय नाय," तो म्हणाला. "आणि असतं तरी तुम्हाला दिलं नसतं."

त्या संध्याकाळी अबोली घरी गेली ती वाट चुकल्यासारखी. आपल्याला हा माणूस आवडलाय, हे तिला लख्ख कळलं. आणि रविवार तर अगदी तोंडावर आला होता.

रविवारी चेहरा छान बरा झाला होता, सावळा, नितळ. आई पावडरचा डबा घेऊन आली, तो अबोलीने हलकेच बाजूला सारला. मंडळी आली, पोहे झाले. मुलगा बरा होता, लाजराबुजरा. त्याच्या मावशीने अबोलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"तुकतुकीत आहे हो. रंग जरा... पण लग्नापर्यंत रोज उटणं लावलं की उजळेल. आमची पसंती आहे!"

आईचा चेहरा फुलला. अबोलीने मात्र हनुवटी सोडवून घेतली. आत्ता गप्प बसले तर संपलंच, हे तिला कळत होतं.

"मावशी, रोज लावलं की सालं निघतात," ती म्हणाली. "मी लावून बघितलंय. आता नाही लावणार. मी आहे ती अशीच आहे... आणि माझी पसंती नाही."

मंडळी चहा न घेताच उठली. आई रडली, रागावली, पुन्हा रडली. मग डोळे पुसत लेकीजवळ येऊन बसली.

"एवढे गाल सोलले, आणि मला म्हणालीस ऊन लागलं?"

"तुला वाईट वाटलं असतं, आई."

आईने तिच्या गालावरून हळुवार हात फिरवला. "बरे कसे झाले मग? कोणी सांगितलं हे सगळं?"

अबोलीने नाव सांगितलं. आई पदर सावरून म्हणाली, "त्याला घरी यायला सांग. आधी बघू तर दे."

सोमवारी संध्याकाळी झाडाखाली कुलदीप उभा होता. आज तिचे गाल बघायचं सोडून जमिनीकडे बघत होता.

"झाला कार्यक्रम?"

"झाला. पसंती आली."

"अभिनंदन," तो म्हणाला.

"त्यांची आली. माझी नव्हती." अबोलीने श्वास घेतला. "घरी मी तुमचं नाव सांगितलंय. तुम्हीही... तुमच्या घरी माझं सांगाल?"

कुलदीपने मान वर केली. डोळे भरून आले होते आणि वेडा हसत होता.

"सांगून झालंय कवाच. आई विचारत होती, पोरगी दिसायला कशी हाय. मला सांगताच येईना! रोज नुसते गालच बघितले. तुमच्याकडं नीट बघायचं धाडसच नाय झालं."

अबोलीने गालावरची ओढणी खांद्यावर घेतली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मग बघा की आता," ती म्हणाली.