काकांचं कोरडं फडकं

आधीच सांगतो, यातलं काहीही मी रंगवून सांगत नाहीये. रंग हा माझा धंदा आहे, पण तो गाड्यांचा.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवारची भर दुपार होती. घराखालच्या आमच्या गॅरेजात मी आणि भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, दोघंच होतो. बाहेर शेजारीण कपडे वाळत घालत होती.

आत मात्र अंधार होता. तो आम्हीच केला होता.

गाडीच्या रंगावर बारीक गोल ओरखडे पडतात ना, कोळ्याच्या जाळ्यासारखे? ते साध्या उजेडात धड दिसत नाहीत. शटर ओढायचं, दिवे बंद करायचे आणि एकच टॉर्च तिरका धरायचा. मग एकूण एक ओरखडा दिसतो.

गाडी काळी होती. काकांची.

काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आई गेल्यावर या दोघांनीच मला लहानाचं मोठं केलं. काका रोज सकाळी जुन्या बनियनचं फडकं घेऊन गाडी पुसायचे. कोरडीच, धुळीसकट. गोल, गोल, गोल... आणि शेवटी वरून खाली एक सरळ हात.

मी कळवळून सांगायचो, "काका, आधी पाणी तरी मारा हो. धूळ घासली जाते, जाळं पडतं."

"तू मशीन फिरव, मी हात फिरवतो," ते म्हणायचे. "माझी गाडी आहे, तुझ्या का पोटात दुखतंय?"

या थंडीत काका गेले. झोपेतच.

मावशी त्या घरात एकटी उरली. आमच्याकडे ये म्हटलं की तिचं एकच उत्तर. "गाडी दारात आहे तोवर ते इथेच आहेत. मी कशी येऊ?"

जेवणाकडे लक्ष नाही. एकदा तर गॅस तसाच चालू राहिला. वास आला म्हणून शेजाऱ्यांनी दार ठोठावलं. काहीही करून तिला तिथून हलवायलाच हवं होतं. गाडी विकू या, असं मी तिच्या मागेच लागलो.

बरेच दिवस हो-नाही केल्यावर ती म्हणाली, "ने बाबा. पण त्यांचा हात फिरलाय तिच्यावर, एवढं ध्यानात ठेव."

तर त्या दुपारी मी बॉनेटपासून सुरुवात केली. पॅडवर पॉलिश घेतलं, घासायचं मशीन सावकाश फिरवलं, पुसलं. टॉर्च मारला. एकही ओरखडा नाही. बॉनेटमध्ये माझं तोंड दिसत होतं.

मग दाराकडे वळलो. पॅड बदलायला मशीन बंद केलं.

आणि आवाज आला...

सर्र... सर्र... सर्र...

कोरडं फडकं घासल्याचा आवाज. बॉनेटकडून.

"भावोजी, आत्ता नका हो पुसू," मी मान वर न करता म्हणालो.

"मी कुठे पुसतोय? पाणी पितोय मी."

भावोजींचा आवाज माझ्या पाठीमागून आला होता. पार मागच्या भिंतीपासून.

मी टॉर्च बॉनेटवर धरला.

जाळं परत आलं होतं.

भावोजी आले, वाकून बघितलं आणि हसले. "इतकी वर्षं काय झोपा काढल्यास? पॉलिशमधलं तेल ओरखड्यांत भरलं, म्हणून चकाकलं. तेल उडालं, ओरखडे उघडे पडले. स्पिरिट कोण मारणार?"

बरोबर होतं. असं होतं कधी कधी. मी पुन्हा मशीन फिरवलं. या वेळी स्पिरिटनं पुसून तेलाचा अंशही ठेवला नाही. दोघांनी मिळून बघितलं. साफ.

आम्ही दारांवर काम सुरू केलं. मशीन थांबलं की दोघंही कान देऊन ऐकत होतो. बाहेर शेजारणीच्या बादलीचा आवाज यायचा, तोही बंद झाला.

मग...

सर्र... सर्र... सर्र... आणि एक लांब, सरळ... सर्रर्र.

या वेळी भावोजींनीच टॉर्च मारला. गोल, गोल, गोल. आणि शेवटी वरून खाली एक सरळ रेघ.

एरवी भावोजींचं तोंड मिनिटभर बंद नसतं. ते हळूच म्हणाले, "शटर उघड."

मी उघडलं नाही. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? पण त्याहून जास्त भीती वेगळीच होती. दर वेळी मशीन फिरलं की रंगाचा वरचा थर पातळ होतो. आणखी एकदा जोर लावून फिरवलं असतं तर रंग उडाला असता. मग गाडी कोण घेणार? आणि मावशी त्या घरातून कशी हलणार?

मी अंधाराकडे बघून बोललो.

"काका, पुरे करा ना. ती एकटी मरून जाईल हो तिथे. येऊ द्या तिला आमच्याकडे. हवं तर... तुम्हीही या."

बोलायचं म्हणून बोललो मी.

मग मी मशीनचा शेवटचा, अगदी हलका हात फिरवला. जाळं गेलं. परत आलं नाही.

गाडी विकली गेली. मावशी आमच्याकडे आली, दोन घास नीट जेवू लागली, माझ्या बायकोशी गप्पा मारू लागली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग एका सकाळी ती म्हणाली, "चष्मा बघ रे, धुरकट झालाय."

मी पुसला. जाईना. सवयीनं टॉर्च तिरका धरला...

गोल, गोल, गोल. आणि एक सरळ रेघ.

काचा बदलून आणल्या. आठवडाही गेला नाही, तेच. पहाटे तिच्या खोलीतून आवाज यायचा. सर्र... सर्र... दार उघडलं की शांत.

मावशीला भीती नाहीच. "उठलं की काहीतरी पुसायला लागतंच त्यांना," ती म्हणाली आणि चक्क लाजली.

मी वैतागून चष्मा कपाटात टाकला आणि किल्ली खिशात ठेवली. पुसायलाच काही नाही, तर पुसतील काय?

आज सकाळी मावशी चाचपडत स्वयंपाकघरात आली. "आज सगळं पांढरंच दिसतंय रे. डोळ्यांत कचरा गेलाय का बघ."

मी पडदे ओढले. टॉर्च घेतला. तिची हनुवटी धरून उजेड तिरका पाडला.

मी काय बघितलं, ते बायकोलाही सांगितलेलं नाही.

उद्या तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतोय. गाडीवरचे ओरखडे काढणं मला जमतं. इथे मी काय करणार?

मावशी आता झोपली आहे. चष्मा मी कपाटातून काढला. गॅरेजमधली धूळ आणून दोन्ही काचांवर नीट पसरली आणि तो तिच्या उशाशी ठेवला.

अगदी उशाशी, सहज हाताला लागेल असा.