मागून वारा

विमानाला किती लांब जायचंय, ते किती वेळात पोचेल आणि त्याला किती इंधन लागेल, याचा हिशेब विमानतळावरच्या एका कोंदट खोलीत बसून मांडणं, हे जावईबापूंचं काम. त्या दिवशीचा हिशेब मात्र घरचा होता. सासूबाई येत होत्या. अंतर नऊ हजार किलोमीटर, प्रवास अकरा तासांचा, आणि येण्याचं कारण एकच: लेकीला कायमचं घेऊन जायचं. "या माणसाशी संसार करण्यापेक्षा माहेरी धुणी धू," असं त्या फोनवर, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या होत्या. बिचाऱ्याचा बायकोवर फार जीव.

पडद्यावर विमानाचा ठिपका भर समुद्रावर होता, अर्धी वाटही सरली नव्हती. तेवढ्यात आवाज आला, "जावईबापू, निघायचं ना?"

दारात सासूबाई! केस जागच्या जागी, चेहऱ्यावर प्रवासाचा मागमूस नाही.

"तुम्ही... एवढ्यात?"

"डोळा लागला. उघडला तर पोचले."

वेळेआधी आलेल्या कुठल्याही विमानाला या ऑफिसात एकच कारण लावत: मागून वारा. तेवढं म्हटलं की कुणी खोलात शिरत नसे. त्यानंही मनाशी तेच म्हटलं. वारा फार तर अर्धा तास वाचवतो, अर्धा प्रवास नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण सासूबाईंना 'परत जा आणि नीट वेळेवर या' असं सांगायची छाती कुणाची आहे! त्यानं मुकाट्यानं बॅग उचलली. ती रिकामी असावी इतकी हलकी होती.

घरी तर आक्रीतच झालं. त्यानं केलेल्या चहाला सासूबाई चक्क छान म्हणाल्या. कप मात्र भरलेलाच होता. मग लेकीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "कुठे नेऊ तुला? असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. इथेच राहा."

बायको हसली. त्याला आनंदानं रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं.

संध्याकाळी फोन वाजला.

"कुठे उलथलात? अकरा तास पाय अवघडून बसले, आता इथे खांबासारखी उभी आहे. येताय की नाही?"

तोच आवाज. तीच धार. मागे विमानतळावरच्या घोषणा.

त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं. मायलेकी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या.

"राँग नंबर," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आत बायको हलक्या आवाजात आईला म्हणाली,

"म्हटलं नव्हतं मी? गेल्या वर्षी मी माहेराहून आले, त्या दिवशी विमानतळावरून आलेला फोनही यांनी असाच ठेवला होता."